वर्ष दोन दिवसांचं

मघा तारा ओळखता येत असेल तर पुढचं फारसं अवघड नाही. मार्च संपता संपता रात्री दहाच्या सुमारास छत्रपती संभाजीनगरच्या आकाशात मघा जवळजवळ डोक्यावर आलेली असते. तिथून दक्षिणेकडे उतरत गेलं की वासुकी तारकासमूहातला तांबूस अल्फार्ड लागतो. आसपास दुसरा ठळक तारा नसल्यानं तो चुकत नाही. मघेकडून अल्फार्डकडे जाताना पाऊण वाट सरली की थांबायचं आणि थोडं डावीकडे, म्हणजे पूर्वेला, वळायचं. नुसत्या डोळ्यांनी तिथं बघण्यासारखं काही नाही. डान्झिगच्या हेवेलियसनं सतराव्या शतकात या ओसाड पट्ट्याला सेक्स्टन्स हे नाव दिलं. 1679 साली त्याच्या वेधशाळेला आग लागली, तीत कोन मोजायचं त्याचं आवडतं उपकरण जळालं, त्याची ही आठवण. आपल्या सत्तावीस नक्षत्रांत या तुकड्याला जागा मिळालेली नाही, आणि त्यात पूर्वजांचं काही चुकलं असं मला वाटत नाही.

या ओसाड जागेत 8.7 प्रतीचा एक तारा आहे. नुसत्या डोळ्यांना दिसणाऱ्या सर्वांत अंधूक ताऱ्यापेक्षा तो दहा-बारा पटींनी मंद आहे, पण साध्या बायनॉक्युलरमधून दिसतो. शहरातून प्रयत्न करू नये. खुलताबाद ओलांडून म्हैसमाळच्या पठारावर गेलात तर दक्षिणेच्या क्षितिजावर वाळूजच्या कारखान्यांचा उजेड चढलेला असतो, तरी हा तारा साठ अंशांहून वर असताना त्या उजेडातून सुटतो. दिसतो तो एक फिकट ठिपका. शेजारच्या दहा ठिपक्यांत आणि त्याच्यात काही फरक सांगता येणार नाही, आणि नकाशा जवळ नसेल तर आपण नेमका कोणता पाहिला याची खात्रीही देता येणार नाही. खगोलशास्त्राच्या याद्यांत त्याचं नाव एचडी 86081. त्याच्याभोवती दर दोन दिवस, तीन तास आणि काही मिनिटांनी एक फेरी पुरी करणारा वायूचा महाकाय ग्रह आहे. तो दुर्बिणीतून कुणालाही दिसलेला नाही. ही पुस्तिका त्या ग्रहाबद्दल आहे.

आपल्या वाचकांसाठी हाच ग्रह का निवडला, तर त्याच्या नावाशी महाराष्ट्राचा संबंध आहे म्हणून. आंतरराष्ट्रीय खगोल संघटनेनं 2019 मध्ये, आपल्या शंभराव्या वर्षानिमित्त, प्रत्येक देशाला एक तारा आणि त्याचा एक ग्रह नावं ठेवण्यासाठी दिला. भारताच्या वाट्याला एचडी 86081 आला. भारतीय खगोल संस्थेनं लोकांकडून नावं मागवली, निवडलेल्या नावांवर देशभर मतदान झालं आणि 17 डिसेंबर 2019 रोजी 112 देशांची नावं एकदम जाहीर झाली. ताऱ्याचं नाव ठरलं बिभा. ते सुरतच्या एनआयटीतल्या एका विद्यार्थ्यानं सुचवलं होतं. ग्रहाचं नाव ठरलं संतमस, आणि ते पाठवणारा मुलगा पुण्यातल्या शाळेत शिकणारा, तेरा वर्षांचा. संतमस म्हणजे झाकोळलेला; ग्रहाचं वातावरण ढगाळ असावं म्हणून हे नाव, असं त्या वेळी सांगितलं गेलं. त्या ढगांकडे आपण नंतर वळूच.

बिभा म्हणजे बिभा चौधुरी. 1913 साली कोलकात्यात जन्मलेल्या या भौतिकशास्त्रज्ञ बाईंनी देबेंद्रमोहन बोस यांच्याबरोबर दार्जिलिंगच्या बाजूच्या डोंगरांवर फोटोग्राफीच्या काचा ठेवून विश्वकिरणांचे माग टिपले. त्या मागांत इलेक्ट्रॉनच्या सुमारे दोनशे पट वस्तुमानाचे कण त्यांना दिसले. आणखी चांगल्या काचा मिळाल्या असत्या तर काम पक्कं झालं असतं, पण महायुद्ध सुरू होतं आणि काचा मिळेनात. त्याच पद्धतीनं, सुधारलेल्या काचा वापरून, सेसिल पॉवेल यांनी ब्रिटनमध्ये ते काम तडीला नेलं आणि 1950 चं नोबेल त्यांना मिळालं. बिभाबाई 1949 मध्ये मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आल्या. तिथल्या त्या पहिल्या महिला संशोधक. पुढं कोलारच्या सोन्याच्या खाणींत खोलवर चाललेल्या प्रयोगांतही त्या होत्या. हयातीत त्यांचं नाव फारसं कुणाच्या तोंडी नव्हतं. कणाऐवजी त्यानं सोडलेला माग वाचत बसायचा, हा त्यांचा धंदा. त्यांच्या नावाच्या ताऱ्याचा ग्रहही मागावरूनच सापडला, हे नाव निवडणाऱ्यांच्या डोक्यात होतं की नाही कोण जाणे, पण जुळलं खरं.

माग कसा सापडला ते नीट सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. फुगडीत एका बाजूला धिप्पाड बाई आणि दुसऱ्या बाजूला सात-आठ वर्षांची पोर असली तर पोर मोठा गोल घेत गरगर फिरते, पण बाईही अगदी जागच्या जागी राहत नाही, तीही छोटासा गोल घेते. अंधारात पोर दिसली नाही तरी बाईच्या डुलण्यावरून पलीकडे कुणीतरी आहे, ते किती वजनाचं आहे आणि फेरी किती वेळात होते, हे सांगता येतं. संतमस बिभाभोवती फिरतो तेव्हा बिभाही एका लहान वर्तुळात फिरतो. या वर्तुळाची त्रिज्या काढली तर ती सहा हजार किलोमीटरच्या आसपास येते, म्हणजे जवळजवळ आपल्या पृथ्वीएवढी. सूर्याहून मोठा तारा, आणि त्याची हालचाल पृथ्वीच्या आकाराची. ती मोजायची 340 प्रकाशवर्षांवरून.

इतक्या दूरच्या ताऱ्याचं सरकणं डोळ्यांनी दिसणं शक्य नाही. त्याची चाल मात्र प्रकाशात उमटते. तारा आपल्याकडे येत असला की त्याच्या वर्णपटातल्या काळ्या रेषा किंचित निळ्या बाजूला सरकतात, दूर जात असला की तांबड्या बाजूला. बिभाच्या बाबतीत हा वेग सेकंदाला दोनशे मीटरच्या थोडा वर आहे. प्रकाशाच्या वेगाशी तुलना केली तर दहा लाखांत एक भागसुद्धा नाही. इतकं बारीक सरकणं पकडायला मोजपट्टी हवी, म्हणून ताऱ्याचा प्रकाश आयोडीनची वाफ भरलेल्या काचेच्या नळकांड्यातून नेतात. आयोडीनच्या रेषा कुठं पडणार हे प्रयोगशाळेत आधीच ठाऊक असतं. ताऱ्याच्या रेषा त्यांच्या शेजारी ठेवून वाचायच्या. हवाई बेटांवर मौना केआच्या माथ्यावर असलेल्या दहा मीटर व्यासाच्या केक दुर्बिणीतून जॉन जॉन्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे वाचन केलं आणि 2006 मध्ये ग्रह जाहीर केला. ज्या मोहिमेत तो सापडला तिचा नेम ठरलेला होता: लोह आणि इतर जड मूलद्रव्यं जास्त असलेले तारे आधी तपासायचे, कारण वायूचे मोठे ग्रह अशा ताऱ्यांभोवती जास्त आढळतात. बिभा तसाच, सूर्याहून जड मूलद्रव्यांनी श्रीमंत.

फेरीचा काळ 2.1375 दिवस. एवढं हाती आलं की केप्लरच्या नियमानं अंतर निघतं: सुमारे 52 लाख किलोमीटर. बुध आपल्या सूर्यापासून जितका दूर आहे, त्याच्या अकराव्या हिश्श्याइतकं. अंतर आणि काळ यांवरून वेग निघतो, सेकंदाला पावणेदोनशे किलोमीटर. पृथ्वीचा वेग तीसच्या आसपास आहे. आज बिभाचा जो प्रकाश आपल्या बायनॉक्युलरमध्ये शिरतो तो सुमारे 340 वर्षांपूर्वी निघालेला, म्हणजे औरंगजेबाची छावणी दख्खनमध्ये होती आणि ज्यांचं नाव आज आपल्या शहराला आहे ते छत्रपती संभाजी महाराज स्वराज्याचा कारभार चालवत होते त्या काळातला. तेवढ्या अवधीत संतमसाच्या 58 हजारांच्या आसपास फेऱ्या झाल्या.

आता वस्तुमान. सगळीकडे छापलेला आकडा आहे दीड गुरू, म्हणजे पावणेपाचशे पृथ्व्या. या आकड्याच्या आधी ‘किमान’ हा शब्द असतो आणि बातमीत तो नेमका गळतो. रेषांच्या सरकण्यातून आपल्याला ताऱ्याचा फक्त आपल्या दिशेनं येण्या-जाण्याचा वेग कळतो. कक्षा आपल्याला बरोबर कडेनं दिसत असेल तर तोच पुरा वेग. ती कललेली असेल तर खरा वेग त्याहून जास्त, आणि ग्रहही त्या प्रमाणात जड. म्हणून दीड गुरू हा तळाचा आकडा. खरं वस्तुमान त्याच्यापेक्षा जास्तच असणार. कक्षेचा कल कोणताही असू शकतो असं धरून हिशेब मांडला तर ते या आकड्याच्या दुपटीच्या आत असण्याची शक्यता ऐंशी टक्क्यांहून अधिक आहे. उरलेल्या शक्यतेकडे डोळेझाक करायची नाही, पण तिनं झोपही उडू नये.

हा घोळ मिटवण्याचा एक सोपा मार्ग होता. ग्रह ताऱ्याच्या तोंडावरून जाताना दिसला असता तर ताऱ्याचा उजेड सुमारे एक टक्क्यानं कमी झाला असता, आणि त्या घटीवरून ग्रहाचा आकार, कक्षेचा कल, खरं वस्तुमान, घनता सगळं एका दमात मिळालं असतं. ग्रह ताऱ्याच्या इतका जवळ आहे की असं अधिक्रमण दिसण्याची शक्यता 17.6 टक्के होती, जी या धंद्यात चांगलीच म्हणायची. ॲरिझोनातल्या फेअरबोर्न वेधशाळेच्या स्वयंचलित दुर्बिणींनी बिभावर नजर ठेवली. उजेड काही कमी झाला नाही. कक्षा आपल्या नजरेच्या रेषेत नाही एवढंच त्यातून कळलं. त्यामुळं संतमसाचा व्यास आजवर कुणी मोजलेला नाही. एखाद्या पोस्टरवर तो छापलेला दिसला तर तो कुणीतरी बसवलेला आहे, असं समजावं.

बसवायला आधार अगदीच नाही असं मात्र नाही. वायूच्या महाकाय ग्रहांचा एक चमत्कारिक गुण आपल्या गुरूवरून आणि शेकडो दूरच्या ग्रहांवरून माहीत झाला आहे. गुरू पृथ्वीच्या 318 पट जड आणि व्यासानं अकरा पट मोठा. त्यात आणखी एक गुरू ओतला तर तो दुप्पट मोठा होईल असं वाटतं, पण होत नाही. आतलं हायड्रोजन-हेलियम वजनाखाली आणखी चेपलं जातं आणि व्यास जवळजवळ तेवढाच राहतो. शनीपासून दहा-बारा गुरूंपर्यंत वस्तुमान कितीही बदललं तरी आकार एका अरुंद पट्ट्यातच असतो. शनीची घनता पाण्याहून कमी, गुरूची पाण्याच्या सव्वापट, आणि मोठ्या वस्तुमानाचे काही ग्रह शिशाहूनही घट्ट. ताऱ्याच्या अगदी जवळच्या ग्रहांना मिळणाऱ्या उष्णतेनं ते थोडे फुगतात, एवढी त्यात भर. अशा ग्रहाला जमीन नसते. ढगांखाली गेलं की वायू दाट होत जातो, मग द्रवासारखा, मग धातूसारखी वीज वाहून नेणारा हायड्रोजन. कुठंही ‘इथं पाय टेकला’ असं म्हणता येत नाही. या बाबतीत संतमस गुरूपेक्षा वेगळा असायचं काही कारण नाही.

उष्णतेचा हिशेब सरळ आहे. बिभा सूर्याहून थोडा मोठा आणि थोडा तापट. 52 लाख किलोमीटरवर त्याचा उजेड पृथ्वीला मिळणाऱ्या उन्हाच्या हजार पटींहून जास्त पडतो. त्यावरून वातावरणाचं तापमान 1400-1500 अंश सेल्सिअसच्या घरात येतं. इतक्या जवळच्या ग्रहाला ताऱ्याच्या भरती-ओहोटीच्या ओढीनं स्वतःभोवतीची फेरी कक्षेच्या फेरीशी जुळवून घ्यावी लागते, जसं आपल्या चंद्रानं घेतलं आहे. एका बाजूला कायमचा दिवस, दुसरीकडे कायमची रात्र, आणि दोहोंमध्ये सेकंदाला किलोमीटरच्या हिशेबानं धावणारे वारे. वाऱ्यांचं हे चित्र संतमसावरून आलेलं नाही. एचडी 189733 बी नावाच्या, आपल्यापासून 65 प्रकाशवर्षांच्या आतल्या ग्रहाचं तापमान स्पिट्झर दुर्बिणीनं 2007 मध्ये मोजलं, तेव्हा सर्वांत तापलेली जागा ऐन दुपारच्या खाली नसून पूर्वेकडे सरकलेली आढळली. उष्णता वारा ओढून नेतो, हा निष्कर्ष तिथला. संतमसाला आपण तो उसना दिला आहे.

आणि ढग? 1500 अंशांच्या आसपास ढग पाण्याचे होत नाहीत. त्या तापमानाला लोखंड आणि वाळूच्या जातीचे सिलिकेट वाफेतून कणांत उतरतात. वॅस्प-17 बी या ग्रहाच्या वातावरणात जेम्स वेब दुर्बिणीला 2023 मध्ये क्वार्ट्झचे, म्हणजे गारगोटीचे, अतिसूक्ष्म कण दिसले. त्यामुळं तेरा वर्षांच्या त्या पुणेकर मुलाचा अंदाज भलता नाही. तरीही नोंद करून ठेवायला हवी की संतमसाचे ढग कुठल्याही उपकरणानं टिपलेले नाहीत; नाव हा त्याच्यावरचा विश्वास आहे. वर्तमानपत्रांत या ग्रहांची जी रंगीत चित्रं येतात, तांबडे-जांभळे पट्टे आणि मागं आग ओकणारा तारा, ती चित्रकारानं काढलेली असतात, आणि खाली बारीक अक्षरांत तसं छापलेलंही असतं. एचडी 189733 बी वर काचेचा पाऊस आडवा पडतो ही बातमी तर दर दोन वर्षांनी नव्यानं फिरते. हबल दुर्बिणीनं 2013 मध्ये मोजलं ते एवढंच की त्या ग्रहावरून परतणारा उजेड निळसर आहे. काच आणि पाऊस हा त्यापुढचा अंदाज. मला त्या बातमीचा राग येतो, कारण निळसर उजेड मोजला गेला हीच मुळात थक्क करणारी गोष्ट आहे आणि तिच्याकडे कुणाचं लक्ष जात नाही.

असा ग्रह ताऱ्याच्या इतक्या जवळ आलाच कसा, हा प्रश्न तीस वर्षं अभ्यासकांना छळतो आहे. गुरूसारखा ग्रह घडायला आधी दहाएक पृथ्व्यांचा घट्ट गाभा लागतो आणि मग त्यावर वायू जमतो. ताऱ्यापासून दूर, जिथं पाण्याचं बर्फ टिकतं, तिथं गाभ्याला मालमसाला भरपूर. 52 लाख किलोमीटरवर तो नाही. म्हणजे हे ग्रह बाहेर घडले आणि आत आले. एक तर जन्मकाळच्या वायूच्या तबकडीतून हळूहळू आत सरकत, नाही तर दुसऱ्या मोठ्या ग्रहाच्या धक्क्यानं लांबट कक्षेत फेकले जाऊन. मग ताऱ्याच्या ओढीनं ती कक्षा गोल झाली असावी. संतमसाची कक्षा आज गोल आहे, पण गोल कक्षा दोन्ही वाटांनी मिळते, त्यामुळं तिच्यावरून निवाडा होत नाही. असे तप्त गुरू सूर्यासारख्या शंभर ताऱ्यांत एखाद्याभोवती किंवा त्याहूनही विरळ आढळतात. आधी तेच जास्त सापडले ते सापडायला सोपे म्हणून.

सोपे असूनही उशिरा सापडले, हेही खरं. खगोलशास्त्रज्ञ ऑटो स्ट्रुव्ह यांनी 1952 मध्येच लिहून ठेवलं होतं की गुरूसारखा ग्रह ताऱ्याला खेटून एखाद्या दिवसात फेरी मारत असेल तर रेषांच्या सरकण्यावरून तो पकडता येईल. आपली सूर्यमाला तशी नाही, म्हणून त्यांच्या म्हणण्याचा कुणी पाठपुरावा केला नाही. शेवटी ऑक्टोबर 1995 मध्ये इटलीतल्या फ्लोरेन्सच्या परिषदेत मिशेल मेयर आणि दिदिए केलोझ यांनी 51 पेगासी बी जाहीर केला. फेरी सव्वाचार दिवसांची. त्याच परिषदेत दुसरी एक घोषणा झाली आणि ती आपल्याकडे फार कमी लोकांना आठवते. ग्लीझ 229 या 19 प्रकाशवर्षांवरच्या ताऱ्याशेजारी पालोमार वेधशाळेच्या दुर्बिणीतून एक अतिमंद सोबती सापडला होता आणि त्याच्या वर्णपटात मिथेन होतं. मिथेन गुरूच्या वातावरणात आहे, ताऱ्यांत टिकत नाही. ग्रह आणि तारा यांच्या मधल्या तपकिरी बटू नावाच्या वर्गाचा हा पहिला निःसंशय पुरावा. शोधणाऱ्या गटात श्रीनिवास कुलकर्णी होते, जन्म कोल्हापूर जिल्ह्यातल्या कुरुंदवाडचा, 1956 चा. पंचगंगा कृष्णेला मिळते तिथून हाकेच्या अंतरावरचं गाव ते. 2024 मध्ये असं दिसून आलं की तो सोबती एक नसून एकमेकांभोवती बारा दिवसांत फिरणारी जोडी आहे. मेयर आणि केलोझ यांना नोबेल मिळालं 2019 मध्ये, संतमसाचं नाव जाहीर होण्याच्या आठवडाभर आधी.

मिथेनचा हा मुद्दा संतमसालाही लागू पडतो, उलट्या बाजूनं. थंड वातावरणात कार्बन मिथेनमध्ये राहतो, 1400-1500 अंशांना तो ऑक्सिजनशी जोडून कार्बन मोनॉक्साइड होतो. तेव्हा एकाच जातीच्या वायूचे दोन गोळे, एक सूर्यापासून दूर थंड पडलेला आणि एक ताऱ्याला चिकटलेला, रसायनाच्या दृष्टीनं पार वेगळे. दीड गुरू वस्तुमान आहे म्हणून संतमसाला ‘गुरूसारखा’ म्हणणं, हे वजनापुरतंच.

आपल्या जवळच्या एका प्रयत्नाचा उल्लेख इथं करायला हवा. नारायणगावजवळ खोडदला गोविंद स्वरूप यांनी उभारलेली जीएमआरटी, 45 मीटर व्यासाच्या तीस तबकड्यांची रेडिओ दुर्बीण, दूरच्या वायुग्रहांची हाक ऐकायला अनेकदा वळवली गेली आहे. गुरू रेडिओ लहरी सोडतो हे 1955 पासून माहीत आहे. त्या त्याच्या चुंबकक्षेत्रातून येतात आणि 40 मेगाहर्ट्झच्या आसपास संपतात. चुंबकक्षेत्र जितकं बळकट तितकी ही मर्यादा वर जाते. जीएमआरटीचे कान 120-150 मेगाहर्ट्झपासून पुढं ऐकतात, म्हणजे ग्रहाचं क्षेत्र गुरूच्या तीन-चार पट तरी हवं. टाऊ बूटिस या ताऱ्याच्या ग्रहासाठी 150 मेगाहर्ट्झवर 40 तास वेध घेतले गेले. एचडी 189733 बी कडे 244 आणि 614 मेगाहर्ट्झवर कान लावून पाहिलं. दोन्हीकडे शांतता. अशा शांततेचाही निबंध होतो, कारण तिच्यामुळं किती जोराची हाक नक्कीच नाही, हे ठरतं. आणि अबू पर्वतावर गुरुशिखरला अहमदाबादच्या भौतिक संशोधन प्रयोगशाळेच्या पारस वर्णपटमापकानं 2023 मध्ये टीओआय-4603 बी हा ग्रह तोलला: व्यास गुरूएवढाच, वजन तेरा गुरूंच्या आसपास, म्हणजे जिथं ग्रह संपून तपकिरी बटू सुरू होतो असं मानतात त्या उंबऱ्यावरच. पद्धत तीच, रेषांचं सरकणं. संतमसाला जे अधिक्रमण नाकारलं गेलं ते याला मिळालं, म्हणून घनतेसह सगळं निघालं.

कन्नडचा घाट उतरून चाळीसगावच्या अंगाला गेलं की पाटणादेवी लागते. भास्कराचार्यांचे नातू चांगदेव यांनी आजोबांचे ग्रंथ, सर्वांत आधी 1150 सालचा सिद्धांतशिरोमणी, शिकवले जावेत म्हणून तिथं मठ स्थापला. 1207 चा शिलालेख तसं सांगतो. त्या मठात गुरू ग्रहाचं गणित शिकणाऱ्या मुलांना गुरू कशाचा बनला आहे हे ठाऊक नव्हतं आणि विचारायचं कारणही नव्हतं. त्यांच्याजवळ गुरूची गती होती, आणि ती त्यांनी उत्तम सांभाळली. संतमसाच्या बाबतीत आपणही गतीपाशीच उभे आहोत. मधल्या काळात न्यूटन होऊन गेला, म्हणून त्या गतीतून आपल्याला वजन काढता येतं, आणि इतर ग्रहांच्या ओळखीवरून रूपाचा अंदाज बांधता येतो. पुस्तिकेत म्हणून प्रत्येक आकड्यापुढं तो मोजलेला आहे की हिशेबानं आलेला की शेजारच्या ग्रहावरून उसना घेतलेला, ते लिहिलं आहे. वाचताना ही खूण बघत जावी. शाळेतल्या शिक्षकांना याचा थोडा कंटाळा येईल. मुलांना येणार नाही, असा माझा अनुभव आहे.

पहिल्या प्रकरणात बिभाचा वर्णपट आणि त्यावरचं साधं गणित आहे. नववीच्या पुढच्या कुणालाही ते झेपावं. दुसऱ्यात वायुग्रहांची अंतर्रचना, तिसऱ्यात वातावरण. चौथं प्रकरण नकाशांचं, म्हैसमाळसारख्या जागेवरून तारा शोधणाऱ्यांसाठी. शहरात राहणाऱ्यांनी मार्ग विचारायला एमजीएमच्या आवारातल्या कलाम खगोल-अंतराळ विज्ञान केंद्रात जावं.

एक काम शिल्लक आहे. ग्रह ताऱ्यापुढून जात नसला तरी त्याच्या स्वतःच्या तापलेल्या वातावरणाचा उजेड ताऱ्याच्या उजेडात मिसळून आपल्यापर्यंत येतोच. तारा सेकंदाला दोनशे मीटरनं पुढं-मागं होतो, ग्रह पावणेदोनशे किलोमीटरनं. दोघांच्या रेषा म्हणून वेगवेगळ्या सरकतात आणि पुरेशा बारीक वर्णपटात त्या वेगळ्या काढता येतात. चिलीतल्या मोठ्या दुर्बिणीतून 2012 मध्ये टाऊ बूटिसच्या ग्रहाच्या कार्बन मोनॉक्साइडच्या रेषा अशाच वेचल्या गेल्या. कक्षेचा कल साडेचव्वेचाळीस अंशांच्या आसपास निघाला आणि वस्तुमान सहा गुरूंच्या जवळ. त्या ग्रहाचंही अधिक्रमण दिसत नाही. संतमसाच्या रेषा अशा हाती लागल्या की पहिल्या प्रकरणातल्या तक्त्यात दीड गुरूच्या जागी नवा आकडा लिहायचा आणि त्यापुढचा ‘किमान’ खोडायचा. तक्त्याशेजारी तेवढी जागा कोरी ठेवली आहे.